वाघोबाची मावशी

देव सगळीकडे असतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले. पण पोटचं पोर परक्या देशात गप्प झालं की ते खरं वाटेनासं होतं. माझा मुलगा तुर्कस्तानात, इस्तंबूलच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. रोज संध्याकाळी येणारा त्याचा फोन एकाएकी बंद झाला. पाठवणारा एजंट नुसतं "बघतो" म्हणायचा. भात कापणीला आलं होतं आणि मी विळा हातात धरून बांधावर बसून राहायची. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी गत झाली होती.

त्यातच वाघबारस आली. आमच्या टोकावड्याकडे त्या दिवशी गुराखी घरोघरचं दूध गोळा करतात आणि रानात वाघोबाच्या दगडापुढे खीर शिजवतात. गुरांना आणि गुराख्यांना सांभाळ, एवढंच मागणं असतं. गुराखी सोमादादा किटली घेऊन दारात आला तेव्हा मी करवादले.

"दादा, तुमचा वाघोबा घाटापल्याड तरी जातो का? माझा पोरगा समुद्रापार हाय."

"ते मला नाय ठावं गो," तो म्हणाला. "तू दूध घाल."

मी घातलं. हात जोडले त्यात भक्ती कमी आणि भीतीच जास्त होती. एजंटाला सुबुद्धी दे, हॉटेलवाल्यांना जाग येऊ दे, असं मी देवाला एकेक काम नेमून देत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. दवाखान्याच्या खाटेवर माझा मुलगा, गालफडं बसलेली, आणि शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी. त्याला न्यूमोनिया झाला होता. खोलीत एकटाच तापाने पडला, फोनही बंद पडला. तिकडे गल्लोगल्ली मांजरांना दारापुढे खाणंपाणी ठेवतात, जुन्या मशिदींच्या भिंतींवर पाखरांसाठी दगडी घरं बांधलेली आहेत, हे तो मला पूर्वी सांगायचा. ही बाई त्याच्या इमारतीखाली मांजरांना जेवू घालते. त्यातली एक राखाडी मांजर याच्या ताटातले मासे खायला सोकावलेली. ती खाली येईना, वर याच्याच दारावर नखं मारत बसली. म्हातारी मांजरीला शोधत जिना चढली आणि तिने दार ढकललं.

हे सगळं वाघबारशीच्या आधीच घडलं होतं. मी सोमादादाशी वाद घालत होते, तेव्हा माझं लेकरू दवाखान्यात पोचलंही होतं. मांजर म्हणजे वाघाची मावशी, हे आठवलं आणि मी हसता हसता रडले. चमत्कार की योगायोग, मला ठाऊक नाही. मी देवाला वाटा दाखवत बसले होते, एवढं मात्र कळलं.

मी म्हातारीचे आभार मानले. ती काहीतरी म्हणाली. मुलाने सांगितलं, "आई, ती म्हणते, मुकं जनावर आणि परक्याचं लेकरू, दोन्ही अल्लाची अमानत."

"पाया पड रे तिच्या," मी म्हटलं.

तो खाटेवरून वाकला. तिला आपली रीत कुठून ठाऊक असणार? अशक्तपणाने तो पडतोय असं वाटून ती घाबरली आणि तिने त्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. मी असते तर अगदी तसंच धरलं असतं.