सर्वांत वयस्कर आधी

ती नेमकं काय काम करते, हे तिच्या नात्यागोत्यात कुणालाच धड सांगता येत नसे. मावशी म्हणायची, "कॉम्प्युटरवर रेघा काढते. रेघ वर गेली की साहेब खूश." वडील जन्मभर शिंपीकाम केलेले. ते म्हणत, "मापं मीही घेतली गं, पण माझ्या मापातून निदान पँट तरी निघायची."

संस्थेचं काम मात्र सगळ्यांना कळत होतं. एकट्यादुकट्या राहणाऱ्या, थकलेल्या माणसांना घरी डबा पोचवायचा, मदतनीस पाठवायचा, आणि दुपारी विरंगुळा केंद्रात गाडीने न्यायचं-आणायचं. तिथे ती लागली ती जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला. चढवता चढवता तिच्या लक्षात आलं, की तक्रारी दर मंगळवारी एकदम वाढतात. साहेबांनी तर मंगळवारच्या कर्मचाऱ्यांना फैलावर घ्यायला सुरुवातही केली होती. हिने एकच प्रश्न विचारला, "तक्रारपेटी उघडतात कधी?"

मंगळवारी.

त्यानंतर संस्थेत गुणवत्ता सुधारणा विभाग निघाला. विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि जिला पाणी घालायला कुणी तयार नव्हतं अशी एक कुंडी. कशालाही "पण असं का?" विचारायची खोड असल्यामुळे ऑफिसात तिचं नाव पडलं का-ताई. का-ताई जिना चढताना दिसली, की लोक आपापली कारणं जुळवून ठेवत. पण मनातून तिच्यावर जीव होता सगळ्यांचा. तिच्यामुळे डबे गरम पोचू लागले होते, आणि ती कुणाच्या नावाने खडे फोडत नसे.

अशी वर्षं बरी चालली असताना टेकडीकडची गाडी आडवी आली. बाकीच्या गाड्या वेळेवर आणि हीच रोज उशिरा. तक्त्यात तिची ओळ महिनोन्‌महिने लालभडक.

"बंद करू ही फेरी," साहेब म्हणाले. "हिच्यापायी याच गाडीच्या पुढच्या दोन फेऱ्यांचं गाडं घसरतं."

त्या गाडीत का-ताईचे वडील असत. आई गेल्यावर हा माणूस सकाळपासून खुर्ची भिंतीकडे करून बसू लागला होता. केंद्रातल्या पत्त्यांच्या डावांनी ती खुर्ची पुन्हा वळवली होती. आता फेरी गेली की पुन्हा भिंत.

"साहेब, त्या गाडीत माझे वडील असतात," ती म्हणाली. "तेव्हा माझं मत धरू नका. पण उशीर का होतो हे आकडा सांगत नाही. थोडे दिवस द्या."

"वडील नसते तर मागितले असते तुम्ही?"

"मंगळवारच्या वेळीही 'का' विचारलंच होतं की. तेव्हा कुठे वडील होते?"

साहेब हसले, आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. मंडळी आधीच हजर. वडिलांनी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि शेजारच्याला सांगितलं, "ऑफिसातल्या आहेत कुणी तरी." गाडीही ठरल्या वेळेला आली. दार उघडलं. आणि कुणी हललंच नाही.

दारावर पिवळ्या अक्षरांत पट्टी होती: सर्वांत वयस्कर आधी. ही पट्टी का-ताईचीच. मागे एकदा चढताना माणसं घसरत होती. तेव्हा तिने एकेक प्रसंग तपासून हा नियम केला होता, आणि त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं.

"व्हा पुढे," वडील एका निवृत्त शिक्षिकाबाईंना म्हणाले.

"मी? तुमच्या आधी? मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"लहान कशा? मी तुमच्या शाळेचे गणवेश शिवायला लागलो तेव्हा तुम्ही मुख्याध्यापिका होता."

"ती माझी थोरली बहीण."

मग दोघांनी मिळून काठीवाल्या पोस्टमनकाकांकडे पाहिलं.

"काठी गुडघ्यासाठी आहे," काका म्हणाले. "वयाचा आणि तिचा काही संबंध नाही."

चालकाने इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडलं. "रोजचं आहे, ताई. जन्मसालापर्यंत गाडी आली, की मी समजतो अर्धं झालं."

"मग कळवलं का नाही?"

"कसं कळवू? तुमच्या त्या मोबाइलमध्ये उशिराची कारणं तीनच. रहदारी, हवामान, बिघाड. मी आपलं रहदारीवर बोट ठेवतो. आणि नियम तुमचा. तुम्हालाच कसं सांगायचं?"

बाकीच्या गाड्यांत एखादे तरी नव्वदीचे आजोबा होते. ते बिनदिक्कत पुढे होत आणि प्रश्न मिटे. इथे सगळे साधारण एकाच वयाचे, म्हणजे कुणीच म्हातारं नाही असे.

संध्याकाळी घरी तिने विषय काढला. "बाबा, त्या सगळ्यांत मोठे तुम्हीच."

"कागदावर. शाळेत घालताना आमच्या वडिलांनी वय वाढवून सांगितलं होतं."

"तुम्ही रोज पहिले चढलात तर फेरी वाचेल."

"म्हणजे मी बाईंसमोर म्हातारा ठरू?"

तिने वडिलांकडे नीट पाहिलं. मिशी कातरलेली, पँटला कडक इस्त्री. भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस इस्त्री करत नाही. तिने हट्ट सोडला. तसंही माणूस बदलत बसण्यापेक्षा नियम बदलणं सोपं, हे ती नव्या लोकांना स्वतःच शिकवत असे.

नवा नियम त्या एकाच गाडीत लावून पाहायचा, असं तिने ठरवलं. प्रत्येकाने आपली सीट निवडायची, आणि मागच्या सीटवाल्याने आधी चढायचं. दाराशी चालकाचा हात. कुणी घसरलं, तर त्याच दिवशी नियम मागे. पहिल्या दिवशी खिडक्यांवरून थोडी बाचाबाची झाली. पोस्टमनकाकांनी दाराजवळची सीट पटकावली आणि ते ऐटीत शेवटी चढले. मग घडी बसली. वयाचं नावही न निघता गाडी वेळेवर सुटू लागली, आणि घसरलं कुणीच नाही. चालकाच्या मोबाइलमध्ये चौथा पर्याय आला: दुसरं काही असेल तर तुमच्या शब्दांत.

बैठकीत तिने सरळ सांगितलं, "चूक गाडीची नव्हती, चालकाचीही नव्हती. माझ्या नियमाची होती."

साहेबांनी हिरवी ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. "ठीक. फेरी राहू द्या. मग ती पट्टी सगळ्याच गाड्यांवरून काढायची का?"

"नको. तिकडे ठीक चाललंय. आधी बसून बघते एकेका गाडीत."

घरी येऊन तिने बातमी सांगितली. वडील म्हणाले, "राहणारच होती." मग जेवताना कुरकुर सुरू झाली. "पण आता भलतीच लवकर सुटते. दारातलं बोलणं राहून जातं."

"केंद्रात बोला की."

"तिथे पत्ते असतात. पत्त्यांत कोण बोलतं?"

दुसऱ्या दिवशी ते बरेच आधी घरातून निघाले. ऑफिसच्या वाटेवर तिला थांबा लांबूनच दिसला. गाडीचा अजून पत्ता नव्हता, पण मंडळी जमली होती. शिक्षिकाबाई बोटांवर सालं मोजत होत्या, आणि वडील मान हलवून त्यातलं एकेक साल नाकबूल करत होते. हा वेळ गाडीच्या नोंदीत येत नाही. तो तिथे आणायच्या भानगडीत ती पडली नाही, आपल्या वाटेने कामाला गेली.