झूरा एजेंचं नाव नेहमी शेवटी

झूरा एजेंवर लिहायला मी योग्य माणूस नाही. बिश्केकच्या आमच्या वनस्पती-संस्थेत एकतीस वर्षं मी ग्रंथालय सांभाळलं आणि त्यांची खोली माझ्या समोरच होती. पण त्यांना भावंडं किती, त्यांनी लग्न का केलं नाही, हे मला ठाऊक नाही. त्या माझ्याहून सात वर्षांनी लहान. तरी सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणायचे म्हणून मीही म्हणे. गेल्या हिवाळ्यात नारीन गावी त्या वारल्या, तेव्हा दफनाला आलेले निम्मे लोक मला अनोळखी होते.

मला माहीत आहे ती फक्त त्यांच्या शोधनिबंधांची यादी. ती मीच केली, आणि आठवली की अजून डोकं उठतं.

वरून आयोगाचं पत्र आलं होतं. प्रत्येक विभागप्रमुखाचे स्वतःच्या विषयात मुख्य लेखक म्हणून पाच निबंध हवेत, आणि इतर संशोधकांनी त्यांचा निदान शंभर वेळा उल्लेख केलेला हवा. नसेल तर विभाग बंद, खोल्या रिकाम्या. एजेंच्या विभागाच्या दोन कोरड्या खोल्यांत चाळीस हजार वाळवलेली रोपं कागदांवर चिकटवून ठेवलेली होती. खोल्या गेल्या तर ती जाणार तळघरात, आणि तिथला पाइप मी नोकरीला लागल्यापासून गळतोय.

यादी काढली. चौसष्ट निबंध, त्यांतल्या सहांत यांचं नाव मध्येच कुठेतरी, आणि अठ्ठावन्नांत सगळ्यांत शेवटी!

"एजे, डोंगर तुम्ही चढलात, रोपं तुम्ही ओळखलीत, लिहिलंतही तुम्हीच. मग पहिलं नाव या जपानी संशोधकाचं कसं?"

"तो पाहुणा होता, बाइके." मला त्या बाइके, म्हणजे दादा, म्हणत.

"म्हणून?"

"म्हणून काय? तुम्ही घरी आलेल्याला दाराशी बसवता?"

आता याला काय म्हणायचं! दारासमोरची आतली जागा पाहुण्याची, घरच्यांनी दाराजवळ बसायचं, हे मलाही कळतं. पण ती बैठक गालिच्यावर. या बाईंनी तीस वर्षं ती निबंधांवर मांडली होती.

"मग त्या सगळ्या पाहुण्यांना पत्रं टाका. काम हिचं होतं, एवढी एक ओळ लिहून द्या म्हणावं."

"जेवून गेलेल्या पाहुण्याकडून पोचपावती मागू? तुमच्या आईने शिकवलं का हे?"

माझ्या आईला मध्ये आणल्यावर मी पुन्हा यादीत डोकं घातलं.

यादीत एकच निबंध वेगळा होता. दम्याच्या डॉक्टरांना त्यांनी एकदा रानदवण्याचे परागकण ओळखून दिले होते. त्यावर नऊ नावं, आणि नववं यांचं. त्याचा उल्लेख झाला होता अकराशे चाळीस वेळा. त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या कामाचा सतरा वेळा. शिवाय आयोगाच्या तक्त्यात वनस्पतीवाल्यांमध्ये शेवटचं नाव म्हणजे मदतनीस, आणि डॉक्टरांमध्ये शेवटचं नाव म्हणजे प्रमुख.

मे महिन्यात आयोगाचा माणूस आला. मेदेरबेक नावाचा, तिशीचा, गोड बोलणारा. आम्ही सगळे लांब टेबलाभोवती बसलो.

"एजे, तुम्ही तर मोठ्या डॉक्टर निघालात!"

"मला सुई बघूनही घाम फुटतो, बाळा."

"तक्ता असं म्हणतो. निबंधाची प्रमुख म्हणून इथे सही करा. तुम्हाला वैद्यकात धरू, म्हणजे सगळीकडचं तुमचं शेवटचं नाव प्रमुखाचं ठरेल. खोल्या राहतील."

सही करा बाई, एवढी एक सही करा! मी टेबलाखालून बुटाने त्यांचा बूट दाबला. त्यांनी पाय मागे घेतला.

"त्या कामाची प्रमुख मी नव्हते. मी चार दिवस सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते, एवढंच."

"मग बाकीच्या सत्तावन्नांत तुम्ही कोण होतात? खरोखर मदतनीस?"

एजेंनी कागद त्याच्याकडे परत सरकवला. त्या स्वतःबद्दल बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणूनच मी त्यांच्या भटकंतीच्या सव्वीस वह्या पिशवीत घालून आणल्या होत्या. कोणतं रोप कोणत्या कड्यावर, कोणत्या तारखेला, सगळं त्यांच्या अक्षरात. पिशवी माझ्या मांडीवर होती.

"कोणाला काही सांगायचंय?" मेदेरबेकने विचारलं.

त्याने चांगली वाट पाहिली, घाई केली नाही. मी पिशवीच्या बंदाकडे बघत राहिलो. इतक्या लोकांसमोर मी कधी बोललेलो नव्हतो. मग त्याने फाइल मिटली.

जूनमध्ये गठ्ठे तळघरात गेले. पाइपाखाली बादली ठेवून एजे एकेक कागद उलटून बघत होत्या. मला वाटलं, आता त्या वह्यांबद्दल विचारतील. पिशवी त्यांनीही पाहिली होती.

"बाइके, जुनी वर्तमानपत्रं आहेत का? ओल टिपायला."

"आहेत, गठ्ठाभर."

"उद्या आणा. पण शब्दकोडी भरलेली नकोत. तुमची शाई रोपांवर उतरते."

"बरं," मी म्हटलं. "कोरी बघून आणतो."