तेरा भागांतलं हापिस

आता पोरं टीव्हीच्या मालिकेचा 'सीझन' म्हणतात. आमच्या जंगलपट्टीत सीझन एकच, तेंदूपत्त्याचा. पण ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात टीव्हीवर एक हिंदी विनोदी मालिका लागली होती, शहरातल्या एका सरकारी कार्यालयाची. भाग तेरा. त्या तेरा भागांवर माझी नोकरी टांगलेली होती.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आडगावी जंगल खात्याच्या हापिसात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. लग्नही नवीनच. नवरा तिकडे जिवतीला शाळेवर मास्तर, शनिवारी उगवायचा. घरी मी आणि सासू. ती छप्पन साली दीक्षा घेऊन आलेली बाई, पोरीबाळींनी शिकावं असंच म्हणायची. पण हापिसात सात गडी आणि मी एकटी बाई, याचा तिला घोर लागला होता.

गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत. पहिल्या भागाला सासू माझ्याआधी जाऊन सतरंजीवर पुढे बसली. परतताना म्हणाली, "हे तेरा खेळ पाह्यतो. मंग ठरवतो तुले पाठवाचं का नाई." झालं. नोकरीची परीक्षा मी कधीच पास झाले होते, आता दुसरी परीक्षा टीव्हीतली टायपिस्ट माझ्या नावाने देणार होती.

मालिका चांगली होती हो, खोटं कशाला बोलू. त्यातला हेडक्लार्क जेवणानंतर फायलीवर कोपर टेकून उघड्या डोळ्यांनी झोपायचा. आमच्या बडेबाबूंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागले. एक फाईल तीन भाग या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. ती फिरवण्याची तऱ्हा इतकी खरी, की लिहिणारा कधीतरी बाबू असणारच. रडारड नाही, उपदेश नाही, अर्ध्या तासात माणूस हलका होऊन घरी जायचा.

पण ती टायपिस्ट बघून माझा नुसता संताप व्हायचा. त्या बयेने तेरा भागांत एक पान टाइप केलं नाही. नखं रंगवायची, पर्समधून आरसा काढायची, साहेब आले की पदर सावरायची, आणि साहेब चष्मा पुसायचे. दर आठवड्याला तेच. मी चोरून सासूकडे पाहायची, ती सुपारी चघळत टीव्हीकडेच बघत असायची. पुढे पुढे विनोदही शिळे झाले. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला रात्रभर मांडी घालून बसणारी माझी सासू म्हणाली, "लिव्हणारा थकला वाट्टे."

एकदा तिने विचारलं, "तुह्याकडे आरसा हाये का वं हापिसात?"

"आरसा नाई, आत्याबाई, कारबन हाये," म्हणत मी काळी झालेली बोटं तिच्यापुढे धरली.

"हात धुऊन जेवत जा," एवढंच बोलली.

अकराव्या भागानंतर मात्र तिने खरी खोट काढली. "या हापिसात लोकं काऊन येत नाई वं? कोणालेच काही काम नाई का?" मी चाटच पडले. अकरा भागांत एकही माणूस अर्ज घेऊन आला नव्हता. दारात बाकडं नाही, वहाणा नाहीत. मला इतके दिवस नुसतं खटकत होतं, ते तिने बरोबर पकडलं. पण त्याने माझं भलं होणार की बुरं, काही कळेना. तेरावा भाग संपला तरी ती काही बोलली नाही, आणि मी जीव मुठीत धरून हापिसात जात राहिले.

त्याच आठवड्यात बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे ही गर्दी. घर शाकारायला बांबू, लाकूड मागायला आसपासच्या गावांचे लोक यायचे. बहुतेकांना लिहिता यायचं नाही, आणि बडेबाबू म्हणायचे, "अर्ज लिहून आणा." कुठून आणणार? मग मीच मशीनवर करून द्यायची. मान वर करायला फुरसत नसायची. समोरच्या स्टुलाकडे हात करायचा, नाव, गाव, किती बांबू ते विचारायचं. दुपार कलली तेव्हा एका बाईला असंच म्हणाले, "बसा बाई. नाव सांगा."

नाव काही आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तेव्हा मान वर केली. धुतलेलं लुगडं नेसून माझी सासू स्टुलाच्या कडेवर टेकली होती.

"आत्याबाई, तुमी कवा आल्या?"

"सकाळीच. ओळीत होतो."

मी हातातला कागद खाली ठेवून विचारलं, "काही चुकलं का माह्यं?"

ती स्टुलावरून हात फिरवत होती. "रोपवनाच्या कामावर होतो तवा वीस वर्षं आलो मी इथी, मजुरीचा अंगठा द्याले. उभ्यानंच द्याचा. कोणी बस म्हणलं नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू तं मले वळखलंबी नाई, तरी बसा म्हणली. नौकरी सोडू नको."

मला रडू आलं, सगळ्यांदेखत. मागच्या माणसाला त्याचं काय, त्याला शेवटची बस धरायची होती. तो म्हणाला, "बाई, झालं का तुमचं?"

"नाई झालं," सासू म्हणाली, आणि स्टुलावर नीट सरकून बसली.