बोटीची पडताळणी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या कित्येकांची सालंसुद्धा आता आठवत नाहीत. पण एका बोटीचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर समुद्राचा थेंब नाही. तेव्हा मी तालुक्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

सुरुवात झाली झेरॉक्सच्या दुकानातून. आमच्याकडे महत्त्वाचा कागद हातात आला की माणूस आधी तो लॅमिनेशन करून घेतो. मग तो सातबारा असो नाहीतर लग्नाचा दाखला. एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना झेरॉक्सवाला ठाण्याच्या दारात घुटमळताना दिसला. त्याला आत घेतला, चहा पाजला. अशा माणसाला आधी बसवायचं असतं, प्रश्न नंतर.

"साहेब, मुंबईच्या मोठ्या बोटीची तिकिटं येऊन राहिली लॅमिनेशनला," तो म्हणाला. "अकरा जोडप्यांची झाली. अन् समद्यांची खोली एकच. दोनशे चौदा. असं कसं असंल?"

चौकशी केली. सगळी निवृत्त मंडळी. कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी लाइनमन. आयुष्यात पहिल्यांदा बोटीची सहल ठरवलेली. एजंट गोड बोलणारा, पण फोन नंबर सारखा बदलणारा आणि पत्ता नसलेला. शेजारच्या दोन जिल्ह्यांत हीच टोळी लोकांना लुबाडून पसार झाली होती. जरा कुजबुज झाली की गायब व्हायचे. या खेपेला मात्र तो निघायच्या दिवशी सकाळी स्वतः बसस्टँडवर येऊन उरलेले पैसे आणि सगळ्यांची ओळखपत्रं घेणार होता. वरिष्ठांनी सांगितलं, सापळा लावा, आणि तोवर एकालाही काही कळता कामा नये. सोळा दिवस हातात होते.

मला एक तिकीट स्वतः बघायचं होतं. म्हणून साध्या कपड्यांत औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यावर गेलो. घर एका निवृत्त गुरुजींचं. त्यांच्या बायकोला अख्खा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो. आता आलो कशाला म्हणून काय सांगावं? तोंडात आलं ते ठोकून दिलं.

"बोटीच्या प्रवासाला पोलीस पडताळणी लागते, गुरुजी. त्यासाठी आलोय. एजंटाला मात्र सांगू नका, तसा नियम आहे."

नियम म्हटल्यावर गुरुजींनी लगेच मान डोलावली. त्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

घरात लग्नघराची गडबड होती. गुरुजींनी सुंदर अक्षरात यादी करून भिंतीला चिकटवली होती: वांतीच्या गोळ्या, स्वेटर, टॉर्च, धपाटे, लसणाची चटणी. अंगणातल्या लिंबाला दोर बांधून झोका केला होता. त्यावर याडी रोज अर्धा तास बसायची.

"बोट लई हालते म्हनं," ती मला म्हणाली. "सवय करून राहिले."

तिला दिसायला कमी होतं. म्हणून बॅगेच्या मुठीला तिने कवड्या शिवल्या होत्या, हाताला लागल्या की आपली बॅग ओळखता यावी. "कवड्या समिंदरातून येत्यात म्हनत्यात. जलमभर अंगावर घातल्या, आता त्यायचं गाव तरी बघून येते." मी हसलो. चहा प्यालो, तिकिटाचा फोटो काढला आणि निघालो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, एजंटाचा नवीन नंबर हवा होता म्हणून. भिंतीवरच्या यादीत सगळ्यावर बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'डोळ्याचा डॉक्टर, नांदेड'. पुढची तारीख खोडून 'आल्यावर' असं केलं होतं. ती खोडलेली तारीख येत्या परवाची होती.

मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "साखरेचा आजार हाय तिला. एक डोळा गेलाच. दुसऱ्याच्या पडद्यावर रक्त उतरून राहिलं. डॉक्टर म्हनले, लेसर लौकर करा. पण त्याच्यानंतर काही दिवस प्रवास न्हाई करायचा म्हनं."

"मग आधी डोळा बघा की, याडी. बोट काय, पुन्हा येईल."

"वा, साहेब! डोळाच गेला तर बोटीत बसून काय पाहू?" ती झोक्यावरून म्हणाली. "आधी समिंदर पाहते. मंग म्हनावं करा काय करायचं ते."

बोट नाहीये, हे दोन शब्द अगदी जिभेवर आले होते. गिळले. गाडीला किक मारली आणि ठाण्यावर आलो. वरिष्ठांना फोन लावून विचारता आलं असतं. विचारलं नाही. शेजारच्या दोन जिल्ह्यांना जे जमलं नव्हतं ते मला करून दाखवायचं होतं, आज खोटं कशाला बोलू!

ठरलेल्या दिवशी बसस्टँडवर अकरा जोडपी बॅगा घेऊन उभी होती. माझी माणसं रसवंतीवर, रिक्षात, चौकशीच्या खिडकीपाशी पांगलेली. याडी ठेवणीतला घागरा घालून बाकावर बसली होती. मी जवळून गेलो तर आवाजावरून तिने ओळखलं. "साहेब, तुमी बी येऊन राहिले का बोटीवर? लई बरं झालं!"

मी पुढे जाऊन चौकशीच्या खिडकीपाशी उभा राहिलो. पाच मिनिटांत एजंट आला, त्याने पैसे आणि ओळखपत्रं गोळा केली आणि आम्ही त्याला उचलला. पुढे जो आक्रोश झाला तो लिहिण्याची माझ्यात ताकद नाही. याडी मात्र रडली नाही. बोट आता कोणत्या दिवशी निघणार, एवढंच ती प्रत्येकाला विचारत होती.

कोठडीत दोन दिवस तो एकच पालुपद आळवत होता. मी साधा माणूस, मालक मुंबईला, मला काही ठाऊक नाही. माझा आवाज चढला, टेबलावर हात आपटून झाला, काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदाराने अंगझडतीत मिळालेले कागद पुन्हा चाळले. त्यात धोब्याची एक चिठ्ठी होती, तिच्यावर पेनाने लिहिलेलं: २१४. लॉजवाले कपडे धुवायला देताना चिठ्ठीवर खोलीचा नंबर टाकतात. खोटं तिकीट बनवतानाही या पठ्ठ्याला दुसरा आकडा सुचला नव्हता. चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "ही खोली कुठली?" त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत लॉजचं नाव बाहेर आलं. त्या खोलीत दोन साथीदार, प्रिंटर आणि शेजारच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांची ओळखपत्रं सापडली. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

महिनाभराने पुरवणी जबाबासाठी गुरुजी आणि याडी ठाण्यात आले. ती गुरुजींचा खांदा धरून चालत होती. गुरुजींनी तिला सही शिकवली होती आणि तिला त्याचा फार अभिमान. आज ती कागद कुठे आहे ते हाताने चाचपडत होती. गुरुजींनी तिचा हात धरून रेघेवर ठेवला.

"लेसर?" मी विचारलं.

"सहल मोडल्यावर गेलो दवाखान्यात. डॉक्टर म्हनले, उशीर झाला." गुरुजी म्हणाले. "तसं आमचं आधी डोळ्याचंच ठरलं होतं, साहेब. तयारी हिच्या हौसेपायी केली, बोटीचं मला खरंच वाटत नव्हतं. पण तुमी पडताळणीला आलात. मंग ही म्हनली, पोलीस आले म्हंजे बोट खरी हाय."

याडीने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "साहेब, तुमाला ठावं होतं का?"

"होय."

"अंगनात चहा पिले, तवा बी?"

"तवा बी, याडी."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बॅग तिने सोबत आणली होती, कारण ओळखपत्रं त्यातच ठेवायची सवय झाली होती. परत मिळालेली ओळखपत्रं गुरुजींनी आत ठेवली, तिने कवड्या चाचपून मूठ धरली आणि दोघं निघून गेले.

नव्या पोरांना प्रशिक्षणात सांगतात, सापळ्याची गुप्तता मोडायची नाही. बरोबरच आहे, मीही तेच सांगेन. पण ती न मोडता याडीचा डोळा वाचवता आला असता, हे मला निवृत्तीनंतर एका दुपारी अंगणात बसलो असताना सुचलं. पडताळणीचं एक खोटं मी बोललोच होतो. आणखी एकच बोलायचं होतं: "याडी, बोटीवर चढायला डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो, लेसर केल्याशिवाय तो मिळत नाही." दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने ती नांदेडला गेली असती.