वजनाला बसलेली बाई

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वजन असतं, आणि ते वजन घरातल्या पीठ मोजायच्या काट्यावरच करायचं असतं, हे मास्तरीणबाईंना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. एका सकाळी त्या ओट्यापाशी आल्या, तर काट्यावर ग्रीसने माखलेली गाडीच्या दाराची कडी ठेवलेली आणि नवरा चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतोय. कसलीही लाज न बाळगता त्याने सांगितलं की कडीऐवजी कापडी पट्टी लावली की गाडी तेवढी हलकी होईल. बाईंनी काटा तीनदा साबणाने धुतला, चौथ्यांदा वास घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवा काटा आणला. जुना गेला गॅरेजमध्ये, कायमचा.

या माणसाला मित्र मिलिग्रॅम म्हणायचे. स्वतः मात्र चांगला क्विंटलच्या घरात. लिफ्ट बसवणं, दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. किती माणसं बसली तर दोर किती ताण घेईल, हे त्याला झोपेतही सांगता यायचं. मास्तरीणबाई गाडी चालवायला शिकवायच्या. आता शिकवणाऱ्याने चालवायचं नसतं, शेजारी बसायचं असतं. अर्धं आयुष्य बाईंचं डाव्या सीटवर गेलं, पायाखाली शिकवणाऱ्याचा तो दुसरा ब्रेक, आणि शेजारी कोणीतरी घामाघूम होऊन क्लच सोडतंय. अर्ध्या गावाचे हात त्यांनी स्टिअरिंगवर बसवले. स्वतःचे मात्र मांडीवर.

गाडी म्हणजे जुनी, दोन माणसांची, कापडी छताची स्पोर्ट्स कार. निळी. घरात तिला निळीच म्हणायचे. मिलिग्रॅमने ती घेतली तेव्हा ती बसल्या जागी गंजत होती. त्याने तिला उभी केली आणि मग जी सोलायला घेतली ती घेतलीच. आतला गालिचा गेला, रेडिओ गेला, सामानाच्या कप्प्याचं झाकणसुद्धा गेलं. लोखंडी पट्ट्यांना त्याने भोकं पाडली, कारण भोकाला वजन नसतं. ब्रेक नवे, टायर चिकट रबराचे, गाडी उलटलीच तर म्हणून डोक्यामागे जाड पोलादी कमान, अंगाला घट्ट धरणारी सीट आणि दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे. हे सगळं कशासाठी, तर गावाबाहेर एक बंदिस्त ट्रॅक आहे, तिथे ठरावीक रविवारी कोणीही आपली गाडी नेऊन मनसोक्त पळवू शकतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. फक्त एक फळा, त्यावर प्रत्येक गाडीची सगळ्यात वेगवान फेरी लिहिलेली. आणि त्या फळ्यापायी माणसं अन्नपाणी विसरतात.

बाई अशा प्रत्येक रविवारी बरोबर जायच्या. नवऱ्यासाठी नव्हे, आपण सरळ सांगू. त्यांना निळी चालवायची होती. मनापासून, लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी हवी होती. ट्रॅकवाले नवशिक्यांना शिकवायला त्यांना बोलवायचे, तेव्हा तिथलं प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं, पण डाव्या सीटवरून. मिलिग्रॅमला विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, गाडी तयार झाली की पहिली तुलाच देतो. आणि गाडी कधीच तयार होत नसे. लबाड नव्हता हो माणूस, त्याला खरंच वाटायचं की अजून एवढंसं राहिलंय. तरी प्रत्येक रविवारी फाटकावर नाव देताना बाई दुसरा चालक म्हणून आपलं नाव लिहायच्या, कुठला झेंडा म्हणजे काय त्या सूचना सगळ्यांत पुढे बसून ऐकायच्या, स्वतःचं हेल्मेट घेऊन जायच्या आणि तसंच परत आणायच्या. नवऱ्याच्या शेजारी बसून फेरी मारताना वळण आलं की त्यांचा पाय सवयीने जमिनीवर दाबला जायचा. तो हसून म्हणायचा, तिकडे ब्रेक नाहीये.

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं, ते धाकट्या दिरामुळे. दिराचं सोफ्या-कपाटांचं मोठं दुकान. त्याने शोरूममधून थेट एक दांडगी गाडी आणली, एक खिळाही न बदलता ट्रॅकवर उतरवली, आणि फळ्यावर निळीच्या वर जाऊन बसला. वाईट नाही दीर, पण जिभेला हाड नाही. घरच्या जेवणात तो म्हणाला, दादा, तुझी निळी मला दे, दुकानाच्या काचेत सोफ्यांच्या शेजारी छान दिसेल. मिलिग्रॅमचं डोकं फिरलं. हातातला घास खाली ठेवून तो सगळ्यांदेखत बोलून बसला.

"ट्रॅकच्या यंदाच्या शेवटच्या रविवारी निळीने तुझ्या गाडीला मागे टाकलं नाही, तर घेऊन जा तिला. ठेव तुझ्या सोफ्यांच्या शेजारी."

शब्द गेला तो गेला. हा माणूस शब्दाचा इतका पक्का, की त्याचा राग यावा. बाईंना पुढचं सगळं दिसलं. निळी काचेत उभी राहणार, तिच्यावर शनिवारी फडकं फिरणार, आणि आपण तिला एकदाही चालवलेली नसणार.

मग सुरू झाली जुळवाजुळव. गाडीची चारही चाकं चार वजनकाट्यांवर ठेवतात आणि कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघतात. टेबलाचा एक पाय तोकडा असला की ते कसं डगमगतं, तसं गाडीचं होऊ नये म्हणून प्रत्येक स्प्रिंगखालची रिंग थोडी वर, थोडी खाली करत बसायचं. चालवणाऱ्याचं वजनही सीटवर हवं, नाहीतर सगळा हिशेब फुकट. पण मिलिग्रॅम स्वतः सीटवर बसला तर रिंगा कोण फिरवणार? दरवेळी तो वाळूची पोती बसवायचा. यंदा एक पोतं फुटलं, वाळू सीटच्या रुळांत गेली, आणि दात घासायच्या ब्रशने ती काढता काढता त्याने जगातल्या समस्त पोतीवाल्यांचा उद्धार केला. मग घरात डोकावून म्हणाला, अगं, तू येऊन बस जरा.

बाई बसल्या. हातात भांडं आणि मटार, कारण नुसतं बसणं त्यांना जमत नसे. मान हलवायची नाही, पुढे वाकायचं नाही, आणि शेंगा सोलून झाल्या की सालं बाहेर टाकायची नाहीत, वजन बदलतं. तो गाडीखालून आकडे विचारायचा, त्या वाचून सांगायच्या. शेजारीण आली, दारातूनच बघून परत गेली. ट्रॅक बंद असलेले कितीतरी रविवार असे गेले. बाईंना, खरं सांगायचं तर, फार सुख वाटायचं. तो खाली असला की त्या हळूच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायच्या आणि मनातल्या मनात पूर्ण ट्रॅक फिरून यायच्या. एका रविवारी चारही आकडे असे जुळले की मिलिग्रॅम गाडीखालून बाहेर येऊन नुसता बघतच राहिला. एवढा नेमका तोल आजवर कधी साधला नव्हता. त्याने त्याच आनंदात दोन वाट्या मटार कच्चेच खाल्ले.

आणि शेवटच्या रविवारी निळी त्याच्या हातात रुसली. उजवीकडे झकास वळायची. डावीकडे वळवायला जावं तर नाक सरळच, जणू ऐकूच येत नाही. तो सकाळभर फेऱ्या मारत राहिला. हवा कमी केली, हवा वाढवली, टायरला दोष दिला, डांबराला दोष दिला, वाऱ्यालाही सोडलं नाही. फळ्यावर निळी गेल्या वर्षीपेक्षाही खाली. दिराने गाडी वाहून न्यायचा आपला ट्रेलर सावलीत आणून लावला आणि निळी चढवायला त्याची फळी खाली सोडली. ते बघून बाईंना रडू फुटायचं बाकी होतं.

मिलिग्रॅम टायरवर बसून बोटांवर मोजत होता, काय काय केलं, काय राहिलं. कमान, ब्रेक, स्प्रिंगा, तोल. तोल तर पहिल्यांदाच नेमका होता, मग बिघडलं कुठे? बाई समोर उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या त्या भल्यामोठ्या खांद्यांकडे पाहिलं, पट्ट्यांत कसंबसं मावणाऱ्या पोटाकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "काट्यावर कोण बसलं होतं?"

त्याने तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर लिफ्टमध्ये किती माणसं याची पाटी लावणारा माणूस, गाडीत कोण बसणार हेच विसरला होता. दाराची कडी मोजली, वॉशर मोजले, मटारची सालं मोजली, आणि स्वतःचं पोट राहून गेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बायकोच्या वजनाला एकही पोतं न जोडता त्याने अख्खी गाडी तिच्या मापाची करून ठेवली होती, शिंप्याने मापाला दुसऱ्यालाच उभं करावं तशी.

काटे घरी होते. पुन्हा जुळवायचं म्हणजे आज शक्य नव्हतं. ट्रॅकवर गाड्या गटागटाने सोडत, आणि शेवटचा गट मात्र अजून सुटायचा होता. बाई मागे गेल्या आणि हेल्मेट घेऊन आल्या. दीर म्हणाला, वहिनी, हे कसं चालेल? बाईंनी त्याला शाळेतल्यासारखं समजावलं की दादांचा शब्द गाडीबद्दल होता, कोण चालवणार याबद्दल नव्हता, आणि त्यांचं नाव फाटकावर सकाळीच लिहिलेलं आहे. दीर हसला. या, या, म्हणाला, सावकाश जा. ते सावकाश त्याला पुढे फार दिवस ऐकावं लागलं.

सीट पुढे ओढली, पट्टे आवळले. मिलिग्रॅम खिडकीत वाकला. त्याने बाईंच्या खांद्यावर थाप मारली.

पहिली फेरी बाईंनी टायर तापवण्यात घालवली, कारण घाई नवशिके करतात. दुसऱ्या फेरीत त्यांनी पाय पूर्ण दाबला. तेच डावं वळण आलं, ज्याने सकाळपासून नवऱ्याला रडवलं होतं, आणि निळीने नाक असं अलगद आत घातलं की बाईंच्या तोंडून आई गं निघालं. हात सांगण्याआधी गाडी ऐकत होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं सगळं त्या आता स्वतःला सांगत होत्या, नजर लांब, हात सैल, ब्रेक वेळेवर, आणि सोडायचाही वेळेवर. सरळ रस्त्यावर दिराची दांडगी गाडी नक्कीच जास्त पळत असेल, पण रस्ता सरळ असतो किती? हेल्मेटच्या आत त्या मोठमोठ्याने हसत होत्या. कोणाला ऐकू जात नव्हतं म्हणून आणखी हसल्या.

परत आल्या तेव्हा फळ्यापाशी गर्दी होती. खडूवाल्याने निळीचं नाव पुसलं आणि दिराच्या नावाच्या वर लिहिलं. पापणी लवावी एवढाच फरक, पण वर म्हणजे वर. दिराने जाऊन ट्रेलरची फळी आपल्या हाताने उचलून बंद केली आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

मिलिग्रॅम गाडीपाशी आला. बाई पट्टे सोडत नव्हत्या, कारण डोळे पुसायचे होते. त्याचेही काही कोरडे नव्हते.

"झाली गं," तो म्हणाला. "तयार झाली गाडी."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं. बाईंनी वाकून डावीकडचं दार उघडलं. तो म्हणाला, नको, मी बसलो की सगळा तोल जाईल. जाऊ दे की, बाई म्हणाल्या, फळ्यावर लिहून झालंय. मग तो क्विंटलभर माणूस आयुष्यात पहिल्यांदा निळीच्या डाव्या सीटवर मुटकुळं करून बसला. गाडी त्या बाजूला जरा कलली. दिवसाच्या निरोपाच्या फेरीसाठी शेवटचा हिरवा झेंडा हलला, निळी सुटली, आणि ते डावं वळण अंगावर येताच त्याचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला.

"तिकडे ब्रेक नाहीये हो," बाई म्हणाल्या, आणि वळण घेतलं.