पहिल्या तोडीचे रोल

टेपचा रोल स्वतःलाच चिकटून बसत नाही, कारण पट्टीच्या पाठीवर एक पातळ लेप असतो. अकरमने तसा नवा लेप शोधला. आमच्या सोनाळ्याच्या उन्हाळ्यातही रोल अलगद सुटायचा. ज्या कारखान्यात तो रसायनं बघायचा, त्या कारखान्याने पेटंट घेतलं. शोधक म्हणून नाव अकरमचं. कारखान्याच्या दाराशी त्या नावाची पाटी लागली. अकरमच्या अम्मी, मुबीनाचाची, ती बघायला एसटीने गेल्या. मी त्याचा दोस्त, पण साहित्य शिकलेला. मला त्यातलं नावच तेवढं कळलं.

मग दुसऱ्या एका कंपनीने आव्हान दिलं. पेटंटच्या अर्जाच्या आधीच हा टेप लोकांच्या हातात होता, म्हणे. तसं ठरलं तर पेटंट रद्द.

होताच तो. चाची वांग्याची पहिली तोड बाजारात नेत नाहीत, गल्लीत वाटतात. पोराने पहिले निळे रोल घरी आणले, तेही तसेच वाटले. शेजारच्या सत्यभामाबाईंनी लेकीच्या, जयमालाच्या लग्नातली आहेराची खोकी त्यानेच बंद केली. त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस गावात आला तेव्हा त्यांनीच त्याला लग्नाच्या अल्बममधली निळ्या पट्टीची खोकी दाखवली. "आमच्या अकरमनं बनवला हो! बाजारात यायच्या आधी आमाले देल्ला!"

वकिलाने वाट सुचवली. रोल फक्त चाचणीला दिले होते, गुपित ठेवायच्या बोलीवर, एवढं सगळ्यांनी सांगायचं.

"सांगीन मी," चाची म्हणाल्या.

"अन् सत्यभामामावशीले काय म्हणू?" अकरमने विचारलं. "तुले प्रेमानं नाही देल्ला, तपासाले देल्ला?"

"नाव जाईल बे तुझं," मी म्हणालो.

"जाऊ दे. अम्मीनं वाटलं ते वाटलं."

सुनावणीत त्याने खरं तेच सांगितलं. पेटंट रद्द झालं. पाटी उतरली.

आपल्या अल्बममुळेच हे झालं म्हणून सत्यभामाबाई अकरम दिसला की दार लावून घ्यायच्या.

वांग्याची तोड सुरू झाली. चाचींनी या वेळी टोपली अकरमच्याच हातात दिली. मी सोबत गेलो. खूप वेळाने दार अर्धं उघडलं.

"मावशी, पहिली तोड हाय."

त्या टोपलीकडे बघत राहिल्या. डोळे भरलेले. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "याचा अर्ज टाकला ना रे आधी?"

अकरम इतका हसला, की एक वांगं टोपलीतून निसटलं आणि उंबरा ओलांडून त्यांच्या घरात गडगडत गेलं.