काशिनाथची हिरवी गिटार

काशिनाथ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शाळेच्या ऑफिसातून शिपाई बोलवायला आला. फोनवर त्याची बायको, सुमनवहिनी होत्या. "मास्तर, ते गेले," एवढंच बोलल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता त्याला सांगायचं राहिलं. दुःख नंतर आलं, घरी चालत जाताना. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची पद्धत आहे. काशिनाथबद्दल वाईट लिहावं असं काही नव्हतंच. वाईट आहे ते माझ्याबद्दलचं, आणि ते या लेखात येणार आहे. वाचणाऱ्याने तेवढं सोसावं.

आमची ओळख झाली ती पाण्याच्या टाकीमुळे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी शहापूरच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो आणि नव्या नोकरीच्या उत्साहात कल्याणहून एक जुनी गिटार विकत आणली होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पाठीची फळी फुगली आणि डिंक सुटून बाजूला झाली. ते कलेवर मी शिक्षकांच्या खोलीत कपाटावर ठेवून दिलं होतं. तेवढ्यात शाळेच्या गच्चीवरच्या टाकीला चीर गेली म्हणून आटगावच्या एका फायबर कारखान्यातून माणूस आला. बारका, काळासावळा, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातला. हाच काशिनाथ. त्यांच्याकडे टाक्या, छपराचे पत्रे, बागेतले बाक असलं सगळं बने. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, वरून रेझीन फासायचं, त्यात हार्डनर मिसळला की ते दगडासारखं घट्ट होतं. टाकीचं काम आटपून तो पाणी प्यायला आत आला आणि त्याची नजर कपाटावर गेली.

"मास्तर, हिची पाठ मी बसवून देतो. टाकीला बसवतो तशी."

मी म्हटलं, अरे बाबा, हे वाद्य आहे. तर म्हणाला, "मग? टाकी पण वाजवूनच बघतो आमी. बद्द बोलली म्हणजे आत पोकळ राहिलंय."

आठ दिवसांनी गिटार फायबरची पाठ लावून परत आली. वाजत होती, आणि पुढच्या पावसाळ्यातही वाजत राहिली. मी मग पुस्तक पुढ्यात ठेवून बोटं दुखेपर्यंत सराव करत असे. काशिनाथ रविवारी यायचा, तासभर माझं ऐकायचा, मग "द्या जरा इकडं" म्हणायचा. सहा महिन्यांत तो त्याच्या आईच्या तोंडची आवणीची, भातलावणीची गाणी त्या गिटारीवर वाजवू लागला आणि मी अजून पुस्तकाच्या तिसऱ्या धड्यावर होतो. 'मास्तरांचा धडा कवा संपतो' हा आमच्यातला कायमचा विनोद झाला. मला थोडा रागही यायचा. स्वतः शिकायला घेतलेल्या गोष्टीत टाकीवाला पुढे गेला की मास्तराला राग येणारच.

पाठीवरून त्याच्या डोक्यात आलं की नुसती पाठच का? सगळं अंगच फायबरचं का नको? शेतातली माती मळून त्याने साचा केला, त्यावर प्लास्टर चढवलं. पहिल्या गिटारीची वरची बाजू जाड झाली, टाकीवर टिचकी मारावी तसा आवाज. दुसरी इतकी पातळ झाली की तारा ताणताच चिरली. तिसरी जमली. मान सागाची, मुरबाडच्या सुताराकडून घडवलेली. बाकी सगळं अंग एकसंध आणि बागेतल्या बाकांच्या रंगाचं, कारण तोच रंग कारखान्यात उरलेला होता. हिरवीगार गिटार! आवाज लाकडाइतका मऊ नव्हता. थोडा कोरडा, पण स्वच्छ, आणि लांबवर ऐकू जाणारा. मला तो आवडायचा. त्याच्या गावी गेलो होतो तेव्हा त्याने सगळ्यांच्या देखत ती गिटार गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत बुडवली, पंचाने पुसली आणि दोन खुंट्या पिळून सरळ वाजवायला घेतली. त्याची आई ओट्यावरून म्हणाली, "लोक वाजपाची वस्तू देवागत जपतात, नि हा मेला म्हशीगत धुतो." गावातली पोरं हसून लोळली. त्या दिवशी काशिनाथला जेवढा खूश पाहिला तेवढा पुन्हा कधी पाहिला नाही.

कल्याणच्या एका वाद्यांच्या दुकानदाराच्या कानावर ही गोष्ट गेली. तो आटगावला येऊन गिटार पाहून गेला, वाजवून गेला. त्याचं म्हणणं रास्त होतं. तो म्हणाला, कोकणातला एक अख्खा पावसाळा हिने काढून दाखवावा. बनवणाऱ्याकडे नाही, तिऱ्हाइताकडे. दसऱ्याला मी येईन, सुरात असली तर दर महिन्याला अशा गिटारी घेत जाईन. काशिनाथने तेवढ्यावर पुढचं सगळं मनात बांधलं. कारखाना सोडायचा, गावातच शेड घालायची, गावातल्या चार पोरांना हाताशी धरायचं, म्हणजे त्यांना रोज लांब कामाला जायला नको. तिऱ्हाईत म्हणून त्याने मला निवडलं. "तू मास्तर. तुझा शब्द तो मानंल," म्हणाला. आणि बजावलं, की हिला जपायचं नाही. ओल्या भिंतीला टेकवून ठेवायची, तारा ताणलेल्याच ठेवायच्या, ओल लागू द्यायची.

मी तसंच केलं. शहापूरपासून चार मैलांवर आमचं शेतावरचं घर, पावसात भिंतींना हात लावला तर हात ओला होणारं. तिथे ती टेकवली. श्रावण संपता संपता तारांवर गंज आला, सागाच्या मानेवर बुरशीचे पांढरे ठिपके उठले आणि माझा धीर सुटला. अंग ठणठणीत होतं, सूरही फारसा उतरला नव्हता. पण मला वाटलं, अजून महिना आहे, काही झालं तर? आमच्या घरात चुलीवर बांबूंचा माळा होता. वडिलांची भजनाची ढोलकी दर पावसाळ्यात तिथे धुराच्या उबेला राहायची, बी-बियाणं तिथे, सुकी मासळी तिथे. आमच्याकडे ज्याला जपायचं ते चुलीवर चढतं. मीही गिटार तिथे टांगली. वर्षभर मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणारा मास्तर, पण आपल्या मित्राची परीक्षा आली तेव्हा त्याला कॉपी पुरवायला निघालो. चार दिवसांसाठी टांगली होती. मध्ये गणपती आले, घर पाहुण्यांनी भरलं, आईची चूल पाच दिवस सकाळपासून धगधगत राहिली आणि मी गिटार विसरलो.

खाली काढली तेव्हा तिचं पोट सुटलं होतं. तारा ज्या घोडीला बांधतात ती घोडी वर उचलली गेली होती, तारा मानेपासून बोटभर उंच. लाकूड उबेने सुकतं आणि सुधारतं. हे रेझीन उबेने मऊ पडतं, ताणलेल्या तारांनी ते ओढून घेतलं होतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, पण चुलीमुळे झालं एवढं कळायला शास्त्र लागत नव्हतं. मी तारा सैल केल्या, पोटावर पाटा ठेवून दाबून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग काजळी रॉकेलने पुसून काढली आणि गिटार परत भिंतीला टेकवली. आई बघत होती. "त्याला सांगशील ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

काशिनाथ घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी आला. गिटार मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला.

"उन्हात ठेवली होतीस का?"

"नाय रे."

"कुठं होती?"

"भिंतीला. तू सांगितलंस तशी."

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, इतका त्याचा विश्वास. म्हणाला, "मग माझंच चुकलं. हार्डनर कमी पडला असंल… नायतर मॅट." आणि मलाच समजावू लागला, की तू वाईट वाटून घेऊ नको. आई दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दुकानदाराला येऊ नका म्हणून त्याने स्वतःच कळवलं. कारखान्यातल्या सोबत्यांना विषय मिळाला. 'काशाच्या मालात पाणी राहतं, सूर राहत नाय' असं म्हणत आणि तोही त्यांच्यात हसायचा. शेडचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मी का सांगितलं नाही? पहिले आठ दिवस भीती वाटली म्हणून. मग लाज. आणि वर्ष उलटल्यावर वाटू लागलं की आता सांगितलं तर चुलीपेक्षा मोठा गुन्हा वर्षभर गप्प राहण्याचा होईल. पुढे दोन वर्षांचा झाला, पाच वर्षांचा झाला. आई गेली, तेव्हा हे जाणणारं दुसरं कुणी राहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

तो रविवारी यायचा कमी झाला. विचारलं तर 'खोलीवर काम असतं' म्हणे. आटगावला त्याची भाड्याची खोली होती, मागे एक पडवी. पडवीत काय चालतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची भीतीच होती. एकदा मात्र, पाच-सहा वर्षं झाली असतील त्या प्रकाराला, चहा पिता पिता त्याने अचानक विचारलं, "मास्तर, त्या पावसात तुज्या घरात काय येगळं घडलं का रे? आठवून बघ बरं." त्याच्या आवाजात संशय नव्हता. वैद्याने रोग्याला विचारावं तसं विचारत होता. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं… आणि मी म्हटलं, "नाय रे, काय घडणार?" त्याने मान हलवली. चहा संपवून गेला.

नंतर त्याला दम लागू लागला. पन्नाशीही गाठली नव्हती. डॉक्टर म्हणत, फायबर घासताना धूळ उडते ती छातीत बसते, पण बिड्याही होत्याच, नक्की कशाने ते सांगता येत नाही. शेवटचा भेटलो तो जाण्याआधी पंधरा दिवस. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तो उशांना टेकून बसला होता, दोन शब्दांमागे थांबत होता. मी शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोललो, बोर्डाच्या निकालाबद्दल बोललो, मोसंबी ठेवली आणि उठलो.

दिवसकार्य झाल्यावर सुमनवहिनींनी मला बोलावून घेतलं. खोली रिकामी करायची होती. पडवीचं दार त्यांनी उघडलं. आतल्या भिंती हिरव्या पडलेल्या, ओलीचा वास. एका भिंतीला बोटभर रुंदीच्या फायबरच्या पट्ट्या लावलेल्या होत्या, ओळीने, साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येक पट्टी दोन खिळ्यांवर आडवी, मधोमध दोरीला दगड बांधलेला, आणि खडूने बाजूला लिहिलेलं: मॅट किती, हार्डनरचे थेंब किती, कितवा पावसाळा. अक्षर वेडंवाकडं, पण हिशोब काटेकोर. तो आपली चूक शोधत होता. दर पावसाळ्यात नवं मिश्रण करून ओलीला लावत होता, आणि ते घासून-पुसून सारखं करताना उडालेली धूळ त्या कोंदट पडवीत त्याच्याच छातीत जात होती. मी एकेक पट्टी पाहत गेलो. सगळ्या सरळ होत्या.

वहिनी म्हणाल्या, "ते रोज बोलायचे, यातली एक तरी वाकायला पायजे होती. एक वाकली आसती तर समजलं आसतं कुठं चुकलं. मास्तर, तुमी शिकलेले. एक पण वाकली नाय. मग गिटारच कशी वाकली?"

मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. चूल, गणपतीचे पाच दिवस, रॉकेल, सगळं. त्या रडतील किंवा मला बाहेर घालवतील असं वाटलं होतं. त्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे त्यांचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "माज्याजवळ नका मागू. मी त्यांना कदी चुकलात बोलले नाय. जे हसले त्यांना सांगा. सगळ्यांना सांगा." आणि एक पट्टी दगडासकट काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

ती आता आमच्या शेतावरच्या घरात, त्याच भिंतीला लावली आहे. चुलीची जागा गॅसने घेतली, माळा कधीच काढला, भिंत मात्र अजून ओली होते. शनिवारी गेलो की आधी तिकडे जातो, हात लावून पाहतो.

आटगावला काशिनाथबरोबर काम केलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, कल्याणचे ते दुकानदार वाचत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्याचा हार्डनर कमी पडला नव्हता, मॅट चुकली नव्हती. गिटार मी बिघडवली, आणि तो मरेपर्यंत त्याला ते कळू दिलं नाही.